किर्दीतल्या टिकल्या

"ही किर्द हाये का रांगोळी?"

"किर्दच हाये, मालक."

"मंग हे काय? हे लाल, हे निळं, इथं आकडी, तिथं फुली, अन् हे गोल करून मधात टिंब. लग्नपत्रिका छापून राह्यला का तू?"

"खुना हायेत त्या."

"मले डोये हायेत. दिसते मले खुना हायेत. पुसून टाक."

"पुसल्यानं निघत नाई. कॉपिंग पेन्सिल हाये. पानी लागलं तर आनखी जांभळं होइन."

"असली पेन्सिल तुले देल्ली कोनं?"

"तुमीच. कारंज्याहून आनली होती. डझनभर."

रंगराव खासबाग्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा चढवला. मंगरूळपीरच्या भाजीबाजारात त्यांची अडत होती. आजूबाजूच्या मळ्यांतली वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा माल सकाळी त्यांच्या ओट्यावर उतरे आणि दुपारपर्यंत विकला जाई. कोणी किती आणले, कितीला गेले, कोणाचे किती जमा, हे सगळे लिहायला देवमन पडघान होता. लोक त्याला दिवाणजी म्हणत. गादीच्या कडेला, लाकडी पेटीवर वही ठेवून, एक पाय दुमडून तो बसे. आताही तसाच बसला होता. मालक उभे होते.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी सहा दिवसांवर आली होती. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची, म्हणजे त्याआधी जुन्या वहीतले सगळ्यांचे पैसे चुकते करायचे. भाजीवाले वर्षभर हातखर्चापुरते घेत आणि उरलेले रंगरावांकडेच जमा ठेवत. दिवाळीला एकदम उचलत.

"हे पाह्य," रंगराव खाली बसले, आवाजही खाली आला. "लाल-निळी ठेव. गावाची खून, मालाची खून, माह्या कामाची हाये. मी नाई म्हनत नाई. ह्या टिकल्या तेवढ्या काढ. कागद चिकटव वरून."

"अन् पंचफुलाबाई आल्या तर?"

"येऊ दे. खातं भगवंतरावचं हाये. खातं ज्याचं, पैसे त्याचे. तिचं नाव हाये का खात्यात?"

"खात्यात नाई. किर्दीत हाये."

"देवमन, काल रात्री भगवंतराव माह्या घरी येऊन बसला होता. दोन तास. जेवला बी नाई. म्हने, रंगरावभाऊ, तुमचा दिवानजी माह्या बायकोले आकडे सांगून राह्यला. आता येते तो. दोघं बी येतेत. मी त्याले काय सांगू?"

"जे वहीत हाये ते."

"वहीत तूच लिहिते ना बाप्पा."

यावर देवमनने वही सरळ केली. तो उत्तर नसेल तर बोलत नसे. उत्तर असेल तरी पुष्कळदा बोलत नसे, हा लीलाबाईचा, त्याच्या बायकोचा, जुना आरोप होता.

देवमनचा बाप भिवाजी दुसऱ्यांच्या शेतावर राबला. छप्पन साली घरातले देव उतरले तेव्हा देवमन बारा वर्षांचा होता. बापाने भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात त्याची पाटी उभी करून ठेवली. मॅट्रिक झाल्यावर तो दोन वर्षे कामासाठी हिंडला. रंगरावांचे आधीचे दिवाणजी मोतीबिंदूने थकले होते. त्यांनी एकदा जुळेना म्हणून एक बेरीज ओट्यावर मोठ्याने वाचली, आणि पोती उतरवायला आलेल्या देवमनने पोते खांद्यावर ठेवूनच तिची चूक सांगितली. रंगरावांनी त्याला पोते खाली ठेवायला लावले. बाजारात चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या गेल्या. रंगराव म्हणाले, मले आकडे बरोबर पायजेत, बाकी तुमचं तुमी पाहा. तेवढ्यावर देवमन गादीवर बसला. पहिले पाच-सहा महिने गिऱ्हाइके त्याच्या हातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घेत नसत. पेटीवर ठेवायला सांगत आणि मग उचलत. देवमन पेटीवर ठेवी. पगार नव्वद रुपये.

खुणांचे वेड लागले ते बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडण्याच्या कामांवर हजारो माणसे होती आणि त्यांच्या भाकरीसोबत रोज वांगी पुरवायचे काम एका कंत्राटदाराने घेतले होते. त्याने रंगरावांना विचारले, "भर वैशाखात वांगे कोनत्या गावाहून येतेत तुमच्याकडे? जिथून मागच्या साली आले तिथं विहिरीले पानी असन." रंगरावांनी देवमनकडे पाहिले. देवमनने खतावणी उघडली. खतावणी माणसागणिक असते. कोणाचे किती जमा, हे ती एका दमात सांगते. कोणत्या गावाचे, कोणत्या महिन्यात, कोणते पीक, याला ती मुकी. ते सगळे किर्दीत, रोजच्या वहीत, रोजच्या ओळींमध्ये विखुरलेले. देवमन आठ दिवस ओळ अन् ओळ वाचत बसला. नवव्या दिवशी त्याने पाच गावांची नावे काढून दिली.

"कंत्राटदार दुसऱ्या अडतीत गेला," रंगराव म्हणाले. "तुहं उत्तर म्हातारं होऊन आलं."

ते त्याला लागले. उद्या कोण काय विचारेल ते आज कळत नाही, एवढे त्याला कळले. मग लिहितानाच खूण का करू नये? ओळ लिहायला जेवढा वेळ, त्यात आणखी एक ठिपका. शेलूबाजारच्या रस्त्यावरची गावे लाल, कारंज्याच्या रस्त्यावरची निळी, दोन्हीत नाहीत ती कोरी. वांग्याला आकडी, मिरचीला फुली, पालेभाजीला आडवी रेघ. दुसऱ्या वर्षी रंगरावांना त्याचा नादच लागला.

"सांग रे देवमन, श्रावनात निळ्या गावाहून मिरची किती?"

देवमन फुली आणि निळा जिथे एकत्र दिसतील तिथे बोट ठेवत जाई. एक चहा येऊन संपेपर्यंत उत्तर तयार. रंगराव शेजारच्या अडत्यांना बोलवून आणत. "इचारा, काय बी इचारा." तेही विचारत, पाहत, मान डोलावत. त्यांच्यासाठी चहा कपबशीतून येई. देवमनसाठी काचेच्या गिलासातून येई, तो गिलास हॉटेलवाला फळीखाली वेगळा ठेवी. देवमन त्या चहाचे पैसे स्वतः देई आणि घरच्या वहीत लिही. त्यालाही एक खूण होती. ती कशाची, ते त्याने लीलाबाईलाही सांगितले नव्हते.

हो, घरीही वही होती.

"आयकलं का," लीलाबाई एकदा भाकर थापता थापता म्हणाली, "माह्या भावाच्या चहाले कोनती खून करता तुमी?"

"पाहुने. पाहुन्याची एकच खून."

"दाखवा."

"तुले वाचता कुठी येते?"

"खून पाहाले वाचता कायले याले पायजे?"

देवमनने वही पुढे केली. लीलाबाईने पिठाचे हात मागे धरून नुसत्या डोळ्यांनी पान चाळायला लावले.

"ही आकडी डाव्या अंगाले वाकली. अन् ही उजव्या. डावी कोनाची?"

"तुह्या घरची."

"माह्या घरचे डावे काहून?"

"एक कोनती तरी डावी लागतेच ना."

"मंग तुमच्या मायची डावी करा. पुढच्या महिन्यापासून."

"मंग मांगचं सगळं उलटं वाचाव लागन."

"वाचा उलटं. वाचता येते ना तुमाले." तिने भाकर तव्यावर टाकली. "किती झाला माह्या घरच्याचा चहा?"

"सव्वा तीन रुपये. वर्साचा."

"अन् तुमच्या मायचा?"

देवमनने वही मिटली. लीलाबाई हसत हसत खोकली आणि म्हणाली की उत्तर आले.

पण टिकलीची खूण देवमनने आपल्या डोक्याने काढली नव्हती. ती पंचफुलाबाईने काढायला लावली.

गावाबाहेर तऱ्हाळ्याच्या वाटेवर भगवंतरावांचा मळा. विहीर, मोट, दोन बैल, त्यातला एक पायाने अधू. वांगी आणि कोबी भगवंतरावांचे. पण मोटेचे पाणी ज्या पाटातून वाफ्यांकडे जाते, त्या पाटाच्या दोन्ही कडांना ओल राहते. तिथे माळ्यांच्या बाया सांभार लावतात, अंबाडी, मेथी, मिरचीची चार झाडे, वालाचा वेल. त्याला म्हणायचे पाटकडचे. पाटकडचे बाईचे असते. त्यातून ती बांगड्या भरते, माहेरी जाताना हातात काही नेते. कोणी लिहून ठेवलेले नाही, पण त्या भागात कोणी नाहीही म्हणत नाही. फक्त अडतीत आले की ते नवऱ्याच्या खात्यात पडते आणि वांग्यांत मिसळून जाते.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत पंचफुलाबाई टोपली रिकामी करून ओट्यावर टेकली होती. उंच बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. देवमनच्या हातून पट्टी हातात घेणारी पहिली तीच.

"दिवानजी, माह्या पाटकडचे किती झाले वर्साचे?"

"ते वेगळं निघत नाई, बाई. खातं एकच हाये."

"रंगरावभाऊले निळ्या गावचं वेगळं काढून देता."

"हाव."

"मिरचीचं वेगळं काढून देता."

"हाव."

"मंग माहं काहून नाई? मी काय मिरचीहून गेली?"

देवमन जरा हसला. "तुमचं वेगळं खातं उघडू का?"

"नोको. खातं उघडलं का घरात भांडन. मले पैसे नोको आता, खातं नोको. मले आकडा पायजे फक्त. माहा किती, येवढं मले माहीत पायजे."

त्या दिवाळीच्या नव्या वहीत पहिली टिकली पडली. भगवंतरावांच्या नावापुढच्या ओळीत, कडेला, एक गोल आणि मध्ये टिंब. पंचफुलाबाई बाजारच्या दिवशी माल उतरवून झाला की विचारी, "कुठवर आला?" देवमन सांगे, "साठ." पुढच्या खेपेला, "एक्क्यान्नव." ती पदर सावरून निघून जाई. हळूहळू आणखी दोघी-तिघी विचारू लागल्या आणि त्यांच्याही ओळींना टिकल्या लागल्या.

उन्हाळ्यात तिची मुलगी रुख्मिणी मॅट्रिक पास झाली. अकोल्याला नर्सबाईचे शिक्षण मिळते, तिथे नाव लागले. फी, ट्रंक, गादी, दोन पांढरी पातळे असे मिळून अडीचशे रुपये दिवाळीनंतर लगेच भरायचे होते. नाही भरले तर जागा दुसरीला. पंचफुलाबाईने आदल्या दिवशी अखेरचा आकडा विचारला. देवमनने टिकल्यांवर बोट ठेवत बेरीज केली. तीनशे बारा.

त्या रात्री जेवण वाढताना ती नवऱ्याला म्हणाली, अकराशे चाळीस जमा आहेत त्यातले तीनशे बारा माझे आहेत. भगवंतराव हातातला घास टाकून रंगरावांच्या घरी गेले. आणि म्हणून आज सकाळी रंगराव टिकल्या पुसायला सांगत होते.

दोघे आले ते एकामागे एक आले. भगवंतराव पुढे, पंचफुलाबाई दहा पावले मागे. रंगरावांनी गादी झटकली.

"या भगवंतराव. बसा वयनी."

"बसाले नाई आलो." भगवंतराव उभेच राहिले. खांद्यावरचा शेला त्यांनी मुठीत गोळा केला होता. मोट हाकून हाकून उजवा खांदा खाली आलेला, त्यामुळे माणूस नेहमी काहीतरी उचलायला वाकल्यासारखा दिसे. "पैसे द्या. अकराशे चाळीस. इंजनवाल्याले अकराशे आजच पोचवाचे हायेत."

"इंजन घेता वाटते?"

"नाई घेऊ तर काय करू? एक बैल लंगडा हाये, एक खांदा माहा गेला. मोट वढाले आता ही उभी राह्यन का?"

"कधी कधी राह्यतेच," पंचफुलाबाई खालच्या पायरीवरून म्हणाली.

"तू बोलू नोको."

"बरं."

"इंजन आलं तर पानी कोनाले येइन? वांग्यालेच येइन का? तुह्या पाटकडेले नाई येनार?"

"येइन ना. पन तवर रुख्मीची जागा जाइन. इंजन पुढच्या साली बी भेटते."

"पोरगी बी पुढच्या साली..."

"पुढच्या साली तुमी तिचं लगन कराल."

भगवंतराव रंगरावांकडे वळले. "पाहा. हे असं सुरू हाये कालपासून. रंगरावभाऊ, खातं माह्या नावाचं हाये का नाई?"

"हाये."

"मंग हे तीनशे बारा कुठून निघाले?"

रंगरावांनी देवमनकडे पाहिले. देवमनने किर्द जवळ ओढली.

"तुमी म्हनाल तर वाचून दाखवतो," तो म्हणाला. "येक येक. जे तुमचं असन ते तुमचं म्हना."

"वाच. मले बी आयकू दे माही बायको किती मोठी बागाईतदार हाये."

देवमनने मागची दिवाळी संपली तिथून सुरुवात केली. तो वाचू लागला की त्याचा आवाज बदले. बोलताना अडखळणारा माणूस आकडे मात्र सरळ, न थांबता वाची.

"मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सांभार, चाळीस जुड्या. हस्ते पंचफुला."

"तिचं."

"मार्गशीर्ष वद्य द्वितीया. वालाच्या शेंगा, सहा किलो. हस्ते पंचफुला."

"तिचं. पुढं."

"पौष शुद्ध अष्टमी. मेथी, पन्नास जुड्या."

"तिचं."

"माघ. हिरवी मिरची, सात किलो."

"थांब. मिरचीचं रोप मी आनलं होतं. मेडशीहून. डोक्यावर."

"आनलं तुमी," पंचफुलाबाई म्हणाली. "लावलं कोनं?"

"डोक्यावर आनलं मी, येस्टीत उभ्यानं..."

"मंग येस्टीवाल्याचं बी नाव लिहा त्यात."

रंगरावांना हसू आले. त्यांनी ते खोकल्यात लपवले. भगवंतरावांच्याही ओठाचा कोपरा हलला. "बरं," ते म्हणाले, "तिचं. वाच."

पाने उलटत गेली. सांभार, अंबाडी, मिरची, पुन्हा सांभार. भगवंतराव हळूहळू पायरीवर टेकले. त्यांचा "तिचं" आता आवाज न करता, नुसत्या मानेने येत होता. आपल्या मळ्याच्या कडेकडेने वर्षभर काय काय उगवले ते पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखे ते ऐकत होते. पंचफुलाबाईने एका हाताने ओट्याची कड धरली होती.

"आषाढ वद्य दशमी. अंबाडी, तीस जुड्या."

मान हलली.

"श्रावण शुद्ध तृतीया..."

देवमन थांबला.

टिकली होती. ओळीच्या कडेला, त्याच्याच हाताची, नीट गोल. पुढे हस्ते पंचफुला हेही होते. पण मालाच्या जागी आकडी होती. वांगी. दोन पोती. त्याने खालच्या ओळी पाहिल्या. त्या महिन्यात सहा बाजार, सहाही वेळा वांगी, सहाही वेळा टिकली.

त्याला आठवले. श्रावणात भगवंतराव तापाने पडले होते. पंचफुलाबाई एकटीच बैलबंडी घेऊन येत होती, सांभार आणि वांगी दोन्ही. आणि देवमनने टिकली जिच्या हातून माल आला तिच्या नावाने मारली होती. सदानकदा हस्ते पंचफुला म्हणजे पाटकडचे, असेच चालत आलेले. पिकवले कोणी, हे श्रावणात त्याने पाहिलेच नाही. बेरीज करतानाही मालाचे नाव वाचले नाही. टिकली आहे ना, मग वाचायचे कशाला.

भगवंतरावांना वाचता येत नव्हते. पंचफुलाबाईलाही नाही. रंगराव चष्मा लावून रस्त्याकडे पाहत होते. सांभार म्हणून पुढे गेले असते तर कोणाला कळले नसते. रुख्मिणीची ट्रंक अकोल्याला पोहोचली असती.

"थांबला काहून?" रंगराव म्हणाले.

"चुकलं माहं."

"काय चुकलं?"

"हे वांगे हायेत. श्रावनातले सहा बाजार. भगवंतराव तापात होते, माल बाईंनी आनला. मी आनणाऱ्याच्या नावाची टिकली मारली. पिकवणाऱ्याची माराले पायजे होती." त्याने बोटाने सहा ओळी जोडल्या. "सत्त्यान्नव रुपये होतेत. पाटकडचे तीनशे बारा नाईत. दोनशे पंधरा हायेत."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी कोबीचे पोते टाकले त्याचा धप्प आवाज आला.

भगवंतराव उठले. "पाह्यलं? पाह्यलं ना? म्हनून सांगत होतो. ह्याच्या ठिपक्यावर माह्या घरात भांडन लागलं. सहा ठिकाणी चुकलं, आनखी किती ठिकाणी चुकलं असन? रंगरावभाऊ, म्हनूनच लोक तवा म्हनत होते..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते काय होते, हे ओट्यावरच्या चौघांनाही माहीत होते. देवमनने पेन्सिल पेटीवर ठेवली. ती सरळ ठेवली, वहीच्या कडेला समांतर.

"भगवंतराव," रंगराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही तर जड झाला, "लोक काय म्हनत होते ते मी तवा बी आयकलं नाई. ह्यानं चुकलं म्हनून सांगतलं. तुमी बसला होता समोर, तुमाले कळलं होतं का? मले बी नाई कळलं. त्यानं सांगतलं म्हनून सत्त्यान्नव तुमचे झाले."

"मंग बाकीचे बी..."

"बाकीचे तुमीच मान हलवून देल्ले. सांभार तिचं, वाल तिचा, मिरची बी तिची. येस्टीवाला सोडून. मी आयकलं, देवमननं आयकलं. श्रावनाच्या पुढचं वाचू का आता? वाच रे."

देवमनने श्रावणातले उरलेले, भाद्रपद, आश्विन वाचले. आता तो प्रत्येक ओळीत मालाचे नाव आधी वाचत होता, मग टिकलीकडे पाहत होता. भगवंतरावांनी मान हलवली नाही, पण एकदाही नाही म्हटले नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा दोनशे पंधराच आले.

रंगरावांनी पेटी उघडली. नोटांच्या दोन चळती केल्या. एक मोठी, एक लहान. लहान चळत त्यांनी ओट्याच्या कडेला, पंचफुलाबाईच्या हाताजवळ सरकवली.

तिने ती उचलली नाही.

"दोनशे पंधरा," ती म्हणाली. "रुख्मीले अडीचशे लागतेत."

"वयनी, आता जे निघालं ते निघालं."

"तुमाले नाई म्हनत, रंगरावभाऊ." ती पायरी चढून वर आली. नवऱ्याच्या समोर उभी राहिली तेव्हा त्यांच्यापेक्षा उंच दिसली. खांदा पडलेला नसता तर दोघे सारखेच झाले असते. "दिवानजी, ते श्रावनातले वांगे पुन्हा वाचा."

"सहाही?"

"येक वाचा, पुरे."

"श्रावण शुद्ध तृतीया. वांगे, दोन पोते. हस्ते पंचफुला."

"तवा तुमी बाजेवर होता," ती भगवंतरावांना म्हणाली. "वैद्याचा काढा मी आनत होती. सकाळी तुमाले पेज द्याची, मंग मोटेवर जाची. औंदा श्रावन कोरडा गेला हे तुमाले मालूम हाये. महिनाभर पाटाचं दार कोनं फिरवलं? त्या लंगड्या बैलासंगं मोट कोनं वढली? तोडनी कोनं केली? बंडी इथवर कोनं आनली ते तर लिहिलंच हाये."

"वांगे माहे होते. रोप माहं, वाफे माहे."

"हाव. तुमचेच होते. मी काय माहे म्हनली? दिवानजीनं टिकली चुकून मारली, त्यानं कबूल केलं. मी बी नाई म्हनत नाई." ती थांबली. "मी येवढंच इचारून राह्यली. त्या सत्त्यान्नवात माहं काई हाये का नाई?"

रंगरावांनी पेटीचे झाकण धरून ठेवले होते, ना उघडे ना बंद.

"देवमन," ते म्हणाले, "ह्याले काई खून हाये का तुह्यापाशी?"

"नाई, मालक," देवमन म्हणाला. "ही खून मी केली नव्हती. पिकवलं कोनं, आनलं कोनं, येवढंच होतं माह्या डोक्यात. दोघाचं मिळून किती, त्याची खून नाई. नव्या वहीत करीन." तो जरा अडखळला. "पन ह्या वहीतलं मले नाई सांगता येत. हे भगवंतरावलेच सांगाव लागन."

त्याने पेन्सिल उचलली आणि टोक त्या ओळीच्या कडेवर धरले. तिथे जुनी जांभळी टिकली होती आणि तिच्या शेजारी एक ठिपका मावेल एवढी जागा.

"सांगा भगवंतराव," रंगराव म्हणाले. "सहा बाजाराचे वांगे. कोनाचे लिहू? तुमचे म्हना, तुमचे लिहितो. अर्धे म्हना, अर्धे लिहितो. तुमी जे म्हनाल तेच लिहिन हा."

भगवंतरावांनी मोठ्या चळतीकडे पाहिले. मग लहान चळतीकडे. मग बायकोच्या हातांकडे. ते ती पदराखाली घेत होती, पण पुरते गेले नव्हते, आणि मोटेच्या दोराने पडलेले तळव्यांवरचे दोन आडवे घट्टे अजून तसेच होते.

"मोट तिनं वढली. काय लिहाचं ते तिलेच इचारा," म्हणत त्यांनी शेला खांद्यावर टाकला. दोन्ही चळती होत्या तिथे सोडल्या, ओट्याच्या पायऱ्या उतरले, आणि बाजाराच्या गर्दीतून मळ्याच्या वाटेला लागले.